घर क्रमांक चौतीससमोर

शहराचं नाव वूच. पोलिशमध्ये होडी.
नदी मात्र शंभरेक वर्षांपूर्वीच
रस्त्याखालच्या नळात घातलेली.
त्यामुळे पाणी बादलीनं:
दुसरा मजला, एकेचाळीस पायऱ्या,
आणि डावा गुडघा.

एप्रिलात पालिकेचा ट्रक आला.
खड्डा, लिंडनचं झाड, माती, वरून दोन लाथा,
सही, पुढचा खड्डा.
हाल्श्का खाली उतरली ती घरातल्या सपातांवरच.
"खोड असं खांबासारखं जमिनीत शिरतं का रे?
बुंधा पसरायला हवा. गळ्यापर्यंत पुरलंयस त्याला."
ओस्ताप खारकीवहून आलेला, कामावर नवा.
भाषा अर्धी कळली, सूर पुरेपूर.

उपटलं. वीतभर जास्तच खोल होतं.
आणि कुंडीतली मुळं गोल, गोल, गोल,
बॉबिनवर सूत भरावं तशी.
एकतीस वर्षं कताईखात्यात काढलेली बाई
जरा वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली, हा गुंता सुटायचा नाही. कापायचा.
नाहीतर मोठेपणी आपल्याच मुळाचा
आपल्याला फास.
ओस्तापनं चाकू पुढे केला.
तिनं उभे चार छेद दिले, न थरथरता,
जणू गिरणी बंद झालीच नव्हती.

पहिला उन्हाळा: आठवड्याला सहा बादल्या,
सावकाश, माती पिईल तशा.
हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ झाडूनं परतवायचं,
तळमजल्यावरच्या ग्न्येवोमिर साहेबांचा डॅशहुंडही.
(साहेब वर्षभर बोलत नव्हते.
कुत्रा बोलत होता.)

दुसऱ्या वसंतात टेकूचे पट्टे तिनं सोडले.
शेजारीण म्हणाली, पडेल गं, वारा बघ.
"हललंच नाही तर घट्ट कसं होणार?"
त्या रात्री वादळ झालं.
हाल्श्का तीनदा खिडकीशी उठली,
हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

आज तिसरा सप्टेंबर.
ओस्ताप आता ट्रकवर मुकादम आहे,
जाता जाता थांबतो, बुंध्याशी वाकतो,
बोटानं माती उकरून गळा उघडा आहे ना बघतो.
हाल्श्का खोडाला तळवा लावते, ढकलते.
वर पानं हलतात. खाली माती हलत नाही.

बादली पालथी घालून ती तिच्यावर बसते.
उद्यापासून पाणी नाही, असं झाडाला म्हणते,
पण फरशीखाली नदी आहे
हे सांगत नाही.

शोधेल.