पालथे डबे

स्वयंपाकघरात अकरा डबे जमलेत, लोकांचे.
घासून, पुसून, खिडकीत पालथे.
जवळपास प्रत्येकावर बारीक ठिपक्यांनी टोचलेलं नाव :
सौ. मार्था दादाराव निर्मळ, जालना.
कै. सगुणाबाई पाखरे यांच्या स्मरणार्थ.
चि. सौ. कां. ज्योत्स्ना हिस, मामाकडून.
नसीम बी, आणि खाली तारीख, तिच्या लग्नाची.

एलिशाची दुसरी इयत्ता या डब्यांवर झाली.
काउंट उतरला की दार बंद, तोंडाला मास्क,
गल्लीतली पोरं खिडकीबाहेरूनच.
तो पलंगावर बसून ठिपक्यांवरून बोट फिरवायचा,
जोडाक्षरं फोडायचा :
स्म. र. णा. र्थ.
म्हणजे काय गं?
म्हणजे आठवण म्हणून.
कुणाची?
सगुणाबाईची.
तिला जेवायला मिळालं का मग यातलं?

आत काय आहे ते त्याने कधी विचारलं नाही.
त्यातलं त्याला काहीच चालत नव्हतं.
डॉक्टरांनी बजावलेलं, बाहेरचा घाससुद्धा नको.
त्याला कुकरातली मऊ खिचडी, मीच केलेली.
येसर आम्ही खाल्लं. धपाटे आम्ही खाल्ले.
हन्नाला अंबाडीची भाजी आवडायला लागली
आणि तिला त्याची लाज वाटायची.

रत्नाकर पहिले आठ दिवस शिवलाच नाही.
म्हणाला, मी बियाण्याच्या गोण्या उचलतो,
माझे हात अजून चालतात.
मग एका रात्री संभाजीनगरच्या शेवटच्या गाडीने आला,
चपला पायातच,
धपाट्याचा तुकडा मोडला उभ्याउभ्या,
भिंतीकडे तोंड करून खाल्ला.
मी पाण्याचा तांब्या मागे ठेवला
आणि बाहेर गेले.

एकदा एलिशा म्हणाला,
आई, भांड्यांना पण सुया टोचतात.
हे बघ किती.
मी गॅस बारीक केला. उगीच.
वर काहीच नव्हतं.

गुरुवारी घरप्रार्थना. बायका सतरंजीवर दाटीने.
कुणीतरी प्रार्थनेत म्हणालं,
प्रभू आपल्या प्रियांचीच परीक्षा घेतो.
मी डोळे उघडले.
सगळ्यांचे मिटलेले होते,
फक्त पाळकबाई सरळ माझ्याकडे बघत होत्या,
आणि त्यांनी मान हलवली,
नाही म्हणून.
नंतर कुणाला न सांगता
मोरीतल्या उलटीच्या चादरी धुऊन गेल्या.

आणि प्लेटलेट लागल्या त्या रात्री
नसीमचा दीर आला, मोटारसायकलवर साठ किलोमीटर.
दीड तास मशीनला हात लावून पडला.
सातची ड्यूटी आहे म्हणून चहाही न घेता निघाला.
त्याने डबा आणला नव्हता.
त्याचं नाव मी कशावर वाचू?

रिकामा डबा परत देऊ नये, आई सांगायची.
पण भरू काय?
दोन-दोन मोसंब्या घातल्या, कुणाला मूठभर साखर.
मार्थाबाई झाकण उघडून रागावल्या,
कामून वो हे? हिशेब करायला लागलात काय?
हिशेब नाही वो. रिकामा कसा देऊ.
त्यांनी मोसंब्या ठेवून घेतल्या.
दुसऱ्या दिवशी तोच डबा दारात,
दोडक्याची भाजी, वर कोथिंबीर.
असे हे अकराचे अकराच राहतात.

त्यातल्या एकावर नाव नाही.
जुना, पितळी, कडीचा, बुडाशी पोचा आलेला.
देवळात विचारलं, गल्लीत विचारलं,
नसीमच्या सासूने निरखून पाहिलं, आमचा नाही म्हणाली.
कोणी तरी पहाटे उंबऱ्यावर ठेवून गेलं होतं,
आत गरम भाकरी, फडक्यात.
एलिशा तो डबा मांडीवर घेऊन बसतो.
वाचायला काही नाही,
तरी बोट फिरवतो सगळीकडून,
पोच्यापाशी थांबतो.

बुधवारी पुन्हा काउंट आहे.
तोवर बाकीचे दहा पालथे राहतील.
हा एक मी सरळ ठेवलाय.