पुढचं चाक

पहाटे पाचला मी सगळ्या चाकांतली थोडी थोडी हवा सोडली.
दगडावर कडक चाक उडतं,
मऊ चाक धरून बसतं.
अशोक चौकातल्या दुकानात बेचाळीस वर्षांत
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
आज बेल्जियमचा कोच विचारतो, किती?
मी अंगठ्यानं दाबून दाखवलं, एवढी.
त्यानं मीटर लावून बघितलं
आणि पुढचं चाक माझ्याकडे सरकवलं.

एकशे नव्वद किलोमीटर, एकच दिवस.
हिप्परग्याच्या बांधावरचा चढ, रेल्वेपुलाचा चढ,
आणि खंदकाकडून वर येणारा तो,
ज्याला नाव नाही, पण बैलांना पाठ होता.
सगळे आखूड. लांब चढ माणसाला समजावत नेतो,
आखूड चढ कानाखाली देतो.
आणि सात वेळा ती गिरणीमागची गल्ली.
काळे घडीव दगड,
कापसाच्या गाठी वाहणाऱ्या गाड्यांसाठी अंथरलेले.
गाड्या गेल्या, गिरणी गेली,
दगडांना कुणी कळवलं नाही.

लच्चू येमूल आमच्याच बोळातला.
त्याचा पाळणा मागांच्या शेडमध्ये टांगलेला.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
जमीनच हलायची,
वेगळा झोका कुणी दिला नाही.
या दगडांवर बाकीचे दात आवळतात.
हा जांभई देतो. मी बघितलंय.

म्हणून त्याला टीममध्ये घेतला. जिंकायला नव्हे.
वारा अडवायला, बाटल्या आणायला,
कॅप्टनला पुढे नेऊन सोडायला.
कॅप्टनचं नाव माझ्या जिभेवर वळत नाही,
मी त्याला पाटील म्हणतो.
तोही ओ देतो.

निघताना आई सुपातल्या बिड्यांवरची नजर न काढता म्हणाली,
निदानंगा पो रा.
तेलुगूत ते सावकाश.
आपल्याकडे निदान म्हणजे कमीत कमी.
लच्चूला दोन्ही येतं. त्यानं मान हलवली.

मी गल्लीच्या तोंडाशी उभा, दोन हातांत दोन चाकं,
जत्रेत हरवलेल्यासारखा.
सातव्या फेरीला आधी धूळ आली,
मग आवाज, पन्नास माग एकदम सुरू व्हावेत तसा,
मग माणसं.
आणि पाटील थांबला. पुढचं चाक बसलं.
माझ्यापासून दोनशे पावलं, चुकीच्या बाजूला.

मी पळालो. वय त्रेसष्ट, चपला.
लच्चूनं माझी वाट बघितलीच नाही.
उतरला, आपलं चाक काढलं, बसवलं,
बंद पडलेला टेम्पो ढकलतात तसा पाटलाला ढकलला
आणि उभा राहिला,
हातात एका चाकाची सायकल
आणि पुढे नुसता चिमटा.
पोचायला मला एक उन्हाळा लागला.

गच्चीवर टॉवेल वाळत घालणारी बाई ओरडली,
आवं, स्वतःचं काढून दिलं का त्यानं?
मी म्हटलं, त्याचाच पगार आहे, बाई.
खरं तेच.
तरी माझे हात नट आवळताना
दोनदा घसरले.

पाच वाजता कमान उतरवत होते.
तिच्यातली हवा निघाली होती, पोट गेलेल्या म्हशीसारखी ती रस्त्यावर.
तिच्यावरून वळसा घालून लच्चू आला.
चहाचा ग्लास दिला तर बशीत वाजत राहिला,
बोटं सरळ होईनात.
माग बंद केल्यावरही जमीन थोडा वेळ हलते,
त्यातलं होतं ते.

कल्लप्पामामा, माझं चाक कितवं आलं?
तिसरं.
तो हसला, चहा सांडला.
आणि बाकीची सायकल?
एक्क्याण्णवावी.

घरी आईनं भाकरी वाढली, शेंगाचटणी वाढली.
म्हणाली, निदान.
कुठल्या भाषेत, ते तिनं सांगितलं नाही.

रात्री टीमची गाडी पुण्याकडे गेली.
ते चाक तिच्या टपावरच राहिलं.
दुकानात पुढचा खिळा मी मोकळा ठेवलाय,
गिऱ्हाईक विचारतं, इथं काय असतं?
मी पंप देतो हातात.
मार म्हणतो. कडक नको.