कंपचाचणी

खोक्यावर लिहिलंय : धक्का जाणवेल, अगदी खराखुरा.
खोक्यांवर असं लिहितातच.
औलूमध्ये आज दुपारी तीनलाच अंधार पडला
आणि मासिकाला मजकूर हवाय उद्या सकाळी.

डाव्या मुठीत जड मोटर, उजवीत हलकी.
दोघींच्या आसावर एकेक अर्धचंद्र,
मुद्दाम एकाच बाजूला लादलेला.
तोल गेला की थरथर. सगळी करामत एवढीच.
ड्रायव्हरची सीडी दोनदा फुकट फिरली,
तिसऱ्यांदा संगणकाने ओळख दिली,
तीही जरा उपकार केल्यासारखी.
वायर आखूड. खुर्चीपर्यंत पुरते, सोफ्यापर्यंत नाही.

टेबलावर ठेवून पूर्ण जोरात सोडलं :
एका मिनिटात अकरा सेंटीमीटर चाललं आपलं आपण
आणि कॉफीच्या कपाला जाऊन भिडलं.
खालच्या कुर्किनेनबाईंनी पाइपवर चमचा वाजवला.
आवाज जास्त, असं लिहून ठेवलं.

मग शर्यत. बर्फ, खडी, पुन्हा बर्फ.
खडी उजव्या तळव्यात कुरकुरते, ते छान जमलंय.
पण दगडावर आदळा नाहीतर झाडावर,
हातात तोच एक ढुस्स.

सोफ्यावर बाबा.
सकाळच्या बसने सुओमुस्सल्मीहून आलेत,
इस्पितळाचं कार्ड अजून शर्टाच्या खिशात.
तीस हिवाळे चेनसॉ धरली,
पहिल्या दहांत तर मुठीला रबरसुद्धा नव्हतं.
थंडीत त्यांची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी होतात.
आधी मुंग्या यायच्या. आता मुंग्याही येत नाहीत.
डॉक्टरने पेरापेरावर नादकाटा टेकवून विचारलं,
आता? आणि आता?
"दोनदा हो म्हणालो," बाबा म्हणाले,
"बिचारा किती वेळ विचारत होता."

मी म्हटलं, जरा धरून बघता का?
उठून खुर्चीत आले. वायर आखूड, सांगितलंच.
पहिल्याच वळणावर गाडी बर्चच्या झाडीत.
मला इथून गुरगुर ऐकू येत होती,
कपातला चमचा हलत होता,
आणि ते पडद्याकडे बघत विचारत होते,
"चालू आहे ना हे?"

आमच्याकडे कानालाही बधिर म्हणतात, बोटालाही.
मी काही बोलले नाही.

पुन्हा झाडी. पुन्हा.
मग त्यांनी डोळे मिटले, कोपरं मांड्यांवर टेकवली.
"थांब. कोपरात येतंय."
बराच वेळ तसेच बसले,
दूरच्या रानात कोण तोडतंय ते ओळखावं तसे.
"डावीकडचं ठीक. उजवीकडचं पोकळ आहे.
आणि हे आदळल्यावर हलतं.
झाड पडायच्या आधी करवत हाताला सांगते,
क्षणभर आधी, पण सांगते.
म्हणून तर मी इथे बसलोय.
नंतर सांगून काय उपयोग?"

हे मी शब्दशः उतरवून घेतलं.
सात वर्षं गेमपॅड तपासतेय,
हे एकदाही सुचलं नव्हतं.

मग मेनू दाखवला : कंप जास्त, कंप कमी,
आणि खाली एक छोटा चौकोन.
"हा कशाला?"
बंद करायला.
"बंद करता येतं?"
त्यांनी माउस धरला, सगळ्या पंजाने, पाव धरावा तसा,
आणि बंद केलं.
चालू केलं.
बंद केलं.
गाडी झाडीत उभी, वेळ संपलेली,
त्यांचं लक्षच नव्हतं तिकडे.
चालू. बंद.

रात्री साडेअकराला मजकूर पुरा झाला.
गुण : पाचपैकी तीन.
संपादक रेन्वाल म्हणणार, हात आखडता घेतलास.
चौकोनाबद्दल एक ओळ लिहिली, खोडली,
पुन्हा लिहिली :
कंप पूर्णपणे बंद करता येतो.
गैरसोयींच्या यादीत आधीच होतं, तरी
शेवटी परत टाकलं :
वायर आखूड आहे. सोफ्यावरच्या माणसाला
उठून यावं लागतं.