माझा हात टेबलावर

बदामाची राणी आली भोंगाडे पोस्टमास्तरांकडून.
मग मी माझे तेरा पत्ते मांडले
आणि माझं काम संपलं.
डमीनं बोलायचं नसतं.

धरणाचं काम होतं तेव्हा या वसाहतीत दोनशे दिवे लागायचे.
सबनीस साहेबांची बदली झाली, चौथा कमी पडला,
म्हणून नर्सबाईला ब्रिज शिकवलं.
आता रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात एकच दिवा,
त्याच्याभोवती पाखरं,
खाली आम्ही चौघं.

तीन नो ट्रम्प. बोली बोरकुटे भाऊंची.
एकोणतीस वर्षं कालवा निरीक्षक.
ते माझ्या पत्त्यांकडे बघतात
कोरड्या चारीकडे बघावं तसे.
इस्पिक दोन, किलवर दोन, बदाम तीन, सगळा पालापाचोळा.
चौकट मात्र सहा:
एक्का, राजा,
आणि त्यांच्या आडोशाला सत्ती, छक्की, चव्वी, दुर्री.
दुसऱ्या कुठल्या रंगातून माझ्याकडे यायला वाट नाही.

भाऊ बोटाच्या पेरांवर मोजतात.
सहा पक्के. तीन कमी.

"भाऊ, पत्ता टाका ना," अन्सार म्हणतो,
"का रब्बीचं पाणी सोडून राहिले?"
भाऊ ऐकत नाहीत.
पाणी सोडतानाही ऐकत नव्हते.
वरचे गाववाले गेटपाशी काठ्या घेऊन उभे असायचे,
हे सायकलवर टेलच्या आउटलेटला,
गुडघ्याएवढ्या गवतात,
तिथं ओल पोचली का ते बोटानं बघत.

मी असते तर
एक्का आपटला असता, त्यावर राजा.
पहिल्या वर्षी तसंच केलं होतं.
तिसरा हात अन्सारनं नेला,
आणि माझी तीन बारकी चौकट
राजासारखी मोठी झाली,
टेबलावर पडून राहिली,
त्यांच्यापर्यंत कोणी जाऊच शकलं नाही.
त्या रात्री घरी जाताना मला
उगाच रडू आलं होतं. पत्त्यांसाठी.

भाऊंनी राणी राजानं मारली.
हातातून चौकटची तिर्री टाकली.
भोंगाडे अठ्ठी.
मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात:
"दुर्री."

एक्का-राजा समोर असताना
दुर्री!
अन्सारनं दश्शीनं हात उचलला,
आणि उचलताना त्याचा चेहरा पडला,
फुकट मिळालेल्या वस्तूकडे बघून पडतो तसा.
भाऊंच्या मुठीत चौकटची एक पंजी अजून शिल्लक होती.
मला दिसत नव्हती.
पण त्यांचा अंगठा तिच्यावरून फिरत होता.

तेवढ्यात फोन.
मडावीटोल्यावरून सोनाबाई:
"सिस्टर, सुनेले कळा लागल्या."

डमीला उठता येतं.
खेळाची तेवढी एक सोय.

बॅग खांद्याला, चपला हातात,
नाला चालत ओलांडला, पोटरीभर पाणी.
पावसाळ्यात स्कूटी मी दुपारीच पलीकडे नेऊन ठेवते,
डेअरीच्या भिंतीला.
घरी जायला ती कधीच कामी येत नाही,
लोक हसतात.
चौथ्या किकला सुरू झाली.

तीन वाजून वीस मिनिटांनी मुलगी.
दोन किलो सातशे.
आधी रडली नाही, पाठ चोळली, मग रडली.

सकाळी रेस्ट हाऊसवरून आले.
खुर्च्या तशाच, बल्बखाली पंखांचा थर.
वहीत भाऊंच्या पेन्सिलीनं:
तीन नो ट्रम्प. नऊ.
बाजूला काहीच नाही, नऊखाली फक्त एक रेघ.

पंपाच्या दुकानासमोर अन्सार अजून भांडत होता.
"माह्याकडं चौकट तीन होते म्हून जमलं.
चार असते तं?"
भाऊ चहा बशीत ओतत होते.
"तं पडलो असतो," म्हणाले,
"आन सिस्टरच्या नावावर घातलं असतं.
ते कुठं होत्या बोलाले?"