लोइसिन

कोशाच्या कचेरीत माझ्या वाट्याला 'ल' आला,
आणि त्यात हे क्रियापद. लोइसिया:
दुसऱ्याच्या जिवावर जगणे.
उदाहरणं बोलण्यातली हवीत, हेइमो म्हणाला.
एक पट्टकृमी मिळाला, पाईक माशाच्या पोटातला.
कुओपिओहून कुणी मेव्हण्याबद्दल कळवलेलं:
तिसरा हिवाळा लोइसितोय, सोफा खचला.

मग खालच्या खणात जुना अर्थ सापडला,
टाचणी गंजलेली.
लोइनेन: ज्याला स्वतःचं छप्पर नाही,
जो परक्या घरात कोपरा धरून राहतो.
पाद्र्याच्या वहीत आधी जमीनवाले,
मग गडी, मग कुळं,
आणि गाव संपल्यावर, पान उरलं तर, हे.

माझी पणजी त्या उरलेल्या पानावर आहे.
अल्वीना, वय एकतीस, मूल एक, देवी काढलेल्या.
कोर्पेलांकडे भट्टीमागचा कोपरा,
खडूची रेघ, रेघेच्या आत तिची पेटी.
भाडं म्हणून
त्यांच्या गाई पिळल्या, पाच बाळंतपणं केली,
थोरल्या म्हातारीला सौनामध्ये शेवटची आंघोळ घातली,
आणि रोज, घर जागं व्हायच्या आत,
दारापासून विहिरीपर्यंत बर्फ ओढला.
कोण कुणावर पोसलं,
हे झाडाला विचारायचं की बांडगुळाला?

मी रूपं चालवून बघते, शाळेतल्यासारखी:
मी लोइसिन, तू लोइसित, ती लोइसी.
पहिल्याशीच पेन अडतं.
लोइसिन. हुबेहूब हेच
आमच्या दुसऱ्या एका धातूचंही रूप:
मी घडवेन, जमलं तर.
त्याच धातूनं देव जग करतो,
मागावर ताणा चढतो,
आणि फावड्यानं बर्फ सारायचा तोही त्यानंच.

हातात फावडं घेऊन, दारात,
तिनं कधी एवढा एकच शब्द म्हटला असेल
तर कोर्पेलांच्या मालकिणीला
त्यातला कुठला ऐकू आला असेल?

धातू वेगळे, हेइमो म्हणतो, गोंधळ नको.
बरोबर आहे त्याचं.
दोन कार्डं लिहिली, दोन खणांत टाकली.

आजच्या टपालात सव्वीस पाकिटं आली.
रेइसियार्वीची एक विधवा दर महिन्याला शब्द पाठवते,
पदरच्या तिकिटानं,
आईच्या तोंडचे, सासूच्या तोंडचे.
आम्ही छापील आभार कळवतो.
त्या शब्दांवर माझं घर चालतं,
राईची भाकरी, लोणी, वर काकडी.
उदाहरण कमी पडत होतं ना, हेइमो?
लिहून घे. प्रथमपुरुष, एकवचन.