सोंडेखालची ओल

पूर्णा जंक्शनला माझं झेरॉक्सचं दुकान.
दुपारी गिऱ्हाईक नसतं
तेव्हा गौसोद्दीन फिटर येतात,
स्टुलावर बसतात, म्हणतात, "लाव."

लावायचं म्हणजे शोधायचं.
परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठानं
रेल्वेचे जुने फोटो ठेवलेत उघड्यावर,
पैसे नाहीत, पासवर्ड नाही,
फक्त पूर्णेचं स्पेलिंग ज्याच्या त्याच्या मर्जीनं:
कुठं यू, कुठं दोन ओ, कुठं शेवटी एच.
एकदा तर मधलं अक्षरच गळालं,
पूर्णा पुण्यात जाऊन पडली,
घाटातले बोगदे निघाले भाराभर.
चाचा म्हणाले, "अपने इधर बोगदा किधर रे?"

कधी मुदखेड सापडतं, कधी परळीचा फलाट,
कधी नुसतंच 'हैदराबाद संस्थान, एक पूल',
खाली गोदावरी, बिननावाची.
मी विचारतो, सेव्ह करू?
"रहने दे. पुढं."

काय पाहिजे ते सांगत नाहीत.
मी धरून चाललो होतो
स्वतःचा फोटो असेल,
तरणाताठा, हातात पाना.

परवा नेट मंद होतं.
फोटो वरून खाली उतरत आला, पट्टी पट्टीनं:
आधी धूर, मग धुराडं,
मग नंबर, चारही आकडे स्वच्छ,
मग चाकं.
खाली लिहिलेलं: मीटरगेज इंजिन, उत्तम स्थितीत.
स्थळ: अज्ञात.
कडेला अनोळखी कामगार, तोही अर्धाच,
एक खांदा आणि तेलाचा डबा.

चाचांनी इंजिन पाहिलंच नाही.
चष्मा कपाळावर सारला,
नाक काचेला टेकवलं, बोट ठेवलं
पाण्याच्या सोंडेखाली,
जिथं जमिनीवर एक काळा डाग होता.
"ओल हाय," म्हणाले.
"वॉशर. माझ्या हातानं तीनदा बदललं
तरी गळायचंच.
तिथं पुदिना लावला होता व्यंकट खलाशानं,
गार्डसायबाच्या चहात टाकायला.
मोठं कर."

मोठं केलं. चौकोन चौकोन झाले.
एका चौकोनाला हिरवा म्हणावं
तर फोटो काळा-पांढरा.
हा खांदा व्यंकटचा का, विचारलं.
"डब्बा शेडचा. खांद्याचं नहीं बोलता मैं."

रात्री मेल केला:
स्थळ पूर्णा, शेडच्या अलीकडं.
नवव्या दिवशी उत्तर, फार नम्र.
आभार. काही पुरावा आहे का?

मराठीत करून वाचून दाखवलं.
चाचा हसले, खोकला येईपर्यंत हसले.
सोंड भंगारात गेली, रूळ रुंद झाले तेव्हाच.
शेडच्या जागी बाभळी.
व्यंकट तर त्याच्याही आधी.
"लिख," म्हणाले, "वॉशर पावणेतीन इंची.
चमड्याचं. रबराचं यायचं नाही वेळेवर."

लिहिलं.
चमड्याला इंग्रजी सापडलं, पुदिन्याला सापडलं,
सोंडेला होतं एक, पण त्यातून पाणी पडेना,
मग तसंच ठेवलं: सोंड.

अजून तरी तिथं अज्ञातच आहे.
चाचा आल्या आल्या विचारतात, "आली का डाक?"
आणि बोट ठेवतात ठरलेल्या जागी,
दाबून, जसं काही बंद करायचंय.
पडदा पुसायचा राहूनच जातो.