खाली येत नाही

"वर जाते," खमीस म्हणाला, "खाली येत नाही,"
आणि कराकचा कागदी पेला घेऊन
शटरच्या सावलीत उभा राहिला.
सोहारची सनैय्या, ऑगस्ट, सकाळचे नऊ.
बाहेर राहिलेला पाना उचलायला
आत्ताच फडकं लागतं.

ब्याऐंशीची गाडी. एक खाली, तीन वर.
चौथ्यापर्यंत चढते लोण्यासारखी,
सिग्नलला मात्र चौथ्यातच अडकून आचके देत मरते.
पहिला तर दोन महिने कुणी पाहिलेलाच नाही.
दुसऱ्यावरच उचलतो म्हणे, क्लच जाळत जाळत.
शेजारच्या गॅरेजवाल्यानं सांगितलंय,
इंजिन उघडा, फोर्क वाकलाय, चाळीस रियाल.

मी इचलकरंजीचा. बारा वर्षं मागांवर जॉबर.
चोवीस माग एकदम खडखडत असताना
कुठला धोटा उडणार
ते मला पायाच्या तळव्याला कळायचं.
इंजिन उघडणं हे शेवटचं. आधी फुकटचं बघायचं.

केबल : ढील बरोबर. नवीच आहे, ग्रीसही लावलंय.
ऑइल : काळं, पण बोटांत चोळलं तर
कण नाही, चमक नाही.
रफीकुल म्हणाला, "उस्ताद, खोलू?"
थांब.
गिअरचा दांडा काढला.
उघड्या शाफ्टला पकड लावली,
मागचं चाक हातानं फिरवत
वर, वर, वर. मग खाली.
तिसरा. दुसरा. न्यूट्रल. पहिला.
खटका असा स्वच्छ,
की रफीकुलनं चाक फिरवायचं सोडून माझ्याकडे पाहिलं.

म्हणजे आतलं घर शाबूत.
भांडण उंबऱ्यावरचं.

दांडा उजेडात धरला. आत वाकलेला,
चांगला दोन बोटं, इंजिनच्या अंगाला.
सापडलं, म्हटलं. गॅस पेटवला.
लाल करायचा, दोन ठोके, सरळ.

"ला, ला!" खमीसचा कराक सांडला.
तो दांडा अपघातात वाकलेला नाही.
हुमैदनं वाकवून घेतला होता, त्याच्या भावानं.
डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं,
सरळ दांड्यावर पोचायचं नाही.
वीस वर्षं ह्याच दांड्यावर
रोज पहाटे मासळी बाजार.
रबरावरची झीज बघ, म्हणाला,
आतल्या कडेलाच आहे.
होती. बाहेरची कड कोरी.

मी गॅस बंद केला.
थोडी लाजही वाटली. वीस वर्षं
जो दांडा चालला, तो दोन महिन्यांत
गुन्हेगार कसा झाला, हे
गॅस पेटवण्याआधी विचारायला हवं होतं.

दांडा परत बसवला. जमिनीवर गाल टेकून
टॉर्च मारत रफीकुलला म्हटलं, हळूच दाब.
अर्ध्या वाटेत दांडा टेकला.
कव्हरच्या बोल्टवर. तिथं
तांदळाएवढा घासलेला चकचकीत ठिपका.

बाकीचे सगळे चपट्या डोक्याचे स्क्रू,
हा एकटाच उंच, षटकोनी, नवा.
"हा कुणी लावला?"
जूनमध्ये ऑइल गळत होतं, खमीस म्हणाला.
हुमैद गेल्यावर गाडी उभीच होती,
पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा.
एका पोरानं जे मिळालं ते लावलं.

डब्यातून चपटा स्क्रू शोधायला
वीस मिनिटं गेली. बसवायला एक.

मालक कुंजहम्मदनं बिलात लिहिलं, स्क्रू, शंभर बैसा.
मग माझ्याकडे बघून खाली मजुरी, तीन रियाल.
खमीसनं पाच ठेवले,
सुटे घेतले नाहीत.
बसताना त्याचा सरळ पाय
दांड्यावर नीट बसेना,
टाच बाहेर काढून, पाऊल आत वळवून
त्यानं तो बसवला.

गेला. मी हात पुसत ऐकत राहिलो.
राउंडअबाउटपाशी वेग उतरवला त्यानं,
चौथा, तिसरा, दुसरा,
पहिला ऐकू आला नाही.
मधून ट्रेलर गेला.